पालक सरांची लेकरं

तालुक्याच्या कॉलेजात एक जगदाळे सर होते. कॉलेजानं वीस पोरं त्यांच्या पदरात घातलेली. त्यांचं अडलंनडलं सरांनी बघायचं, म्हणून ते पालक सर. पण हे पालक वर्गात यायचे, पिवळी पडलेली टिपणं वाचायचे आणि मान वर न करता निघून जायचे. कुणी शंका विचारली, तर म्हणायचे, "पुढं कळेल."

एकदा विद्यापीठाच्या बाई आल्या, शिकवणं कसं आहे ते पोरांनाच विचारायला. वीसही पोरं हॉलात गोळा केली. सर बाईंना खेटूनच बसले.

"बाई, ही माझी घरची लेकरं. एकेकाची नस मला ठाऊक. विचारा खुशाल."

तोंडी परीक्षेचे गुण सरांच्या हातात, मग बोलणार कोण?

शेवटी शालन लोखंडे पुढं आली. "बाई, आम्हाला वाचून दाखवतात, शिकवत नाहीत. विचारलं तर उत्तर मिळत नाही."

सर गोड हसले. "असं होय? नाव सांग बघू तुझं. परीक्षेला लक्षात राहू दे."

"नाव तुम्हीच सांगा, सर. घरची लेकरं ना आम्ही?"

बाईंनी चष्मा काढला. "सांगा की, सर."

सरांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "ही मागच्या बाकावरची. कधीमधी येते, त्यामुळं जरा..."

"पहिल्या बाकावर बसते मी. रोज. तुमच्या टेबलासमोर."

बाई म्हणाल्या, "या लेकरांची तोंडी परीक्षा आता दुसरं कुणी घेईल. हं, बोला पोरांनो."

मग काय, वीसच्या वीस बोलायला लागली.