जाखाईची पेटी आणि हातणवाडीच्या थंड चुली

माघी पौर्णिमेला हातणवाडीत पाहुण्यांना सकाळचा चहा मिळत नाही. आंघोळीलाही गार पाणीच. त्या दिवशी जाखाई नदी ओलांडून पलीकडच्या काठावरच्या धाकट्या बहिणीला, जोखाईला, भेटायला जाते. ती पोचल्याची हाळी येईपर्यंत गावात एकही चूल पेटत नाही. का, असं विचारलं की देवळाच्या पायरीवर बसलेले म्हातारे भिकूनाना सांगतात, देवीला धूर सोसत नाही. खरं कारण ते नव्हे. खरं कारण कातडी कमावणाऱ्यांच्या आळीत सांगतात, आणि नानांनाही ते पाठ आहे.

फार पूर्वी, म्हणे, देवीचा पितळी मुखवटा भोपळ्यांच्या सांगडीवरून पलीकडे नेत. सांगड कलंडली तरी देवी तरंगावी म्हणून तो झाकणाच्या चामडी पेटीत ठेवत. ही पेटी आळीतला राणबा दरवर्षी नवी करी. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं भिजवून तो लाकडी ठोकळ्यावर ताणी, वादीनं शिवी आणि सावलीत वाळवी. मग दुसरं ओलं कातडं त्या वाळलेल्या पेटीवरच ओढून बांधी. ते तिथंच आवळत वाळलं की झाकण तयार. वरून मेण चोळलं की थेंबभर पाणी आत जात नसे.

एका वर्षी गावातल्या जाणत्या मंडळींच्या मनात आलं, राणबाचा हात लागलेली पेटी देवीला तशीच कशी द्यायची? त्यांनी ती शुद्ध करायचं ठरवलं. घाटावर हंडा तापवला आणि उकळतं पाणी पेटीवर ओतलं. झाकण आकसलं, बसेना. ते त्यांनी दोरीनं आवळलं. ऐन डोहात सांगड कलंडली, पेटीत पाणी शिरलं आणि देवी बुडाली. पोहणाऱ्यांनी मुखवटा वर काढला तेव्हा त्याचं नाक चेपलं होतं. बहिणींची भेट हुकली. पंचांनी राणबाला बोलावलं. उकळत्या पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. पुढच्या माघीला पेटी बुडाली तर राणबानं गावातून बिऱ्हाड उचलायचं, असं ठरलं.

राणबाची मुलगी ठकू. काठावर फेकलेली पेटी ती घरी घेऊन आली. झाकणाची कड काळी पडली होती, बोटानं दाबली तर पापडासारखी मोडली.

"बा, हे कातडं शिजलंय."

राणबानं ते आधीच ओळखलं होतं. तो म्हणाला, "गप ऱ्हा. मोठ्या माणसांना कोण सांगणार?"

"मग मी सांगते."

त्यानंतर राणबानं कातडं कापायची रापी हातात धरली नाही, असं सांगतात. पुढची पेटी ठकूनं केली.

माघीला घाटावर हंडा पुन्हा उकळत होता. पलीकडे जोखाईचा संबळ वाजत होता. ठकू पेटी घेऊन आली, पण ती तिनं कुणाच्या हाती दिली नाही. पेटी डोक्यावर धरून ती सरळ छातीभर पाण्यात जाऊन उभी राहिली.

पाटील म्हणाले, "ठके, पेटी शुद्ध करायची असते. इकडं आण."

"करा की, पाटील. मी काय इथनं हलत नाही. आधी नदी तापवा."

घाटावर कुणीतरी हसलं, म्हणे. पाटील हसले नाहीत. बाहेर यायला तिला दटावून झालं, बापाला पुढं घालून झालं. ऊन कलंडलं. पलीकडचा संबळ वाजून वाजून थांबला. तेव्हा मुखवटा घेऊन उभ्या असलेल्या गुरवाला ठकू म्हणाली, "गुरवदादा, तिकडं बहीण वाट बघतीय. मागल्या साली हिला आम्ही नाही बुडवली."

गुरव कुणालाही न विचारता पाण्यात उतरला. ठकूनं मुखवटा पेटीत ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी झाकण दाबलं. ते बसल्याचा आवाज दोन्ही काठांना ऐकू गेला, असं सांगतात. सांगड लागलीच नाही. पेटी डोह कापत आपली आपण निघाली आणि ठकू तिच्यामागून पोहत गेली. जोखाईसमोर झाकण उघडलं तेव्हा देवीच्या कपाळावरचं कुंकू कोरडं होतं.

राणबाचं बिऱ्हाड हललं नाही. घाटावरचा हंडा गुरवानं त्याच्याच चुलीवर उपडा केला. तेव्हापासून पेटी पलीकडे पोचेपर्यंत गावात कुणाला पाणी तापवता येत नाही.

आजही मुखवट्याचं नाक चेपलेलंच आहे. आजही त्या आळीतली मुलगी छातीभर पाण्यात उभी राहून झाकण लावते. हाळी आली की गावातली पहिली चूल त्याच आळीत पेटते आणि तिथला विस्तव नेऊन बाकीचं गाव आपापल्या चुली पेटवतं. पहिला चहाही तिथलाच. भिकूनाना तो अजून घेत नाहीत. तिथला विस्तव आपल्या घरी पोचेपर्यंत ते शाल गुंडाळून कुडकुडत पायरीवर बसतात, आणि पाहुण्यांना सांगतात की देवीला धूर सोसत नाही.