पांढऱ्यातली पाखरं

फार फार पूर्वीची गोष्ट. एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. नदी खाली खोल दरीत, आणि तिच्याकडे उतरणारी वाट इतकी अरुंद की तिथून तिरडी नेता येत नसे. म्हणून गावात कुणी गेलं की त्याला जाड पांढऱ्या कापडाच्या झोळीत ठेवत आणि एकजण पुढे, एकजण मागे, असे ती झोळी खांद्यावर घेऊन उतरत. हे कापड गावात एकाच घरी विणलं जाई. म्हातारी माणसं ते जिवंतपणीच विणून घेत आणि पेटीत तळाशी ठेवून देत.

त्या घरात आई आणि मुलगी अशा दोघीच. मुलीच्या बोटांत कला होती, यात वाद नाही. चुलीपुढे बसली तरी राखेत पाखरं काढी. तिला वाटे, राजधानीत जावं, राणीचे शालू विणावेत, पदरावर मोर नाचवावेत. आणि वाट्याला काय आलं, तर मढ्याचं कापड! आईचे डोळे अधू झाले तसा माग तिच्याकडे आला. ती त्यावर बसे ती कपाळाला आठ्या घालूनच. धागा सैल सुटला, सुटू दे. फणीचा ठोका हलका पडला, पडू दे. जळायचंच आहे, बघतंय कोण?

"अगं, याच्यातच विण की तुझी पाखरं," आई म्हणे. "पांढऱ्यात पांढरी. कोण नको म्हणतंय?"

"चितेवर जाळायला? माझी कला एवढी वाटेवर पडलेली नाही, आई."

आईचं स्वतःचं कापडही मुलीनेच विणलं, कसंबसं, उरकायचं म्हणून. आईने ते मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं, नीट घडी घातली आणि पेटीत ठेवलं.

त्याच हिवाळ्यात आई गेली.

तोवर गावातली माणसं आईच्या हातच्या कापडातून गेली होती. मुलीच्या हातच्या कापडातून जाणारी पहिली तिची आईच. उतारावर, ऐन वळणावर, कापड टर्रकन उभं फाटलं. आई दगडांवर पडली आणि गडगडत खाली गेली. सगळ्या गावाने ते पाहिलं. कुणीतरी अंगावरचं घोंगडं काढून दिलं, तेव्हा कुठे आई नदीपर्यंत पोहोचली.

दुसऱ्या दिवसापासून लोक आपापल्या पेट्या उघडू लागले. मुलीने विणलेलं एकेक कापड तिच्या ओट्यावर येऊन पडू लागलं. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

सगळ्यांच्या शेवटी शेजारची म्हातारी आली. तिच्याही हातात घडी होती.

"हे घे, आन मला दुसरं विणून दे."

"माझ्याकडून? भीती नाही वाटत, आजी?"

"तुझ्या आईला नाही वाटली, मला कशाला वाटंल?" म्हातारी ओट्यावर टेकली. "तिला ठावं होतं गं. डोळं गेलं तरी विणकरणीची बोटं ती. मी म्हनलं, बाई, दुसरं करून घे. तर म्हनली, 'पोर एक ना एक दिवस जीव लावून विणंल, तवा आपणहून बदलून देईल. तोवर हेच असू दे.'"

मुलगी उंबऱ्यातच बसली आणि ऊर फुटेस्तोवर रडली. म्हातारीने तिला रडू दिलं.

मग ती उठली. "आजी, तुम्हाला कुठलं पाखरू आवडतं?"

"मला? होला. दुपारचा घुमतो तो."

ती मागावर बसली. पांढऱ्यात पांढरे होले विणायला घेतले आणि तिच्या ध्यानात आलं, एक धागा जरी सैल राहिला तरी पंख वाकडा होतो. तिने उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा घट्ट ठोकलं. जेवायचं राहून गेलं तरी तिला कळलं नाही. मागाचा खटखटाट पहिल्यांदाच तिला गोड लागला, आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. हे सुख इतकी वर्षं घरातच पडून होतं.

म्हातारी होल्यांच्या कापडातून उतरली तेव्हा एक धागाही सुटला नाही. मग गावाने पुन्हा तिचं दार धरलं. कुणाला मैना हवी, कुणाला बगळे. ती विणत राहिली, मन लावून, केस पांढरे होईपर्यंत. पण प्रत्येक कापड पुरं झालं की ती ते मांडीवर घेई, बोटांनी चाचपे आणि तिचे डोळे भरून येत. कारण आता तिच्याकडे चांगलं कापड होतं, आणि ते ज्या पेटीत बदलून ठेवायचं ती पेटी कधीचीच रिकामी झाली होती.

लहानथोरहो, एवढं ध्यानात असू द्या: आपली आवड उद्याच्या मोठ्या कामासाठी राखून ठेवू नये, ती आजच्या कामात ओतली तरच काम आपलं होतं, आणि उद्या आपल्यासाठी थांबतोच असं नाही.