गार झालेला उकाळा

तुमच्या-आमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एका गावात एक कुंभार राहत होता. हाताचा फार गुणी. पण माणूस म्हणून? आता मी काय सांगू. ऐका आणि तुम्हीच ठरवा.

त्या गावात एक रीत होती. पाऊस सरला, सकाळच्या उन्हात दव चमकायला लागलं, की घरोघरी उकाळा व्हायचा. गवती चहाची पात, ठेचलेलं आलं, गूळ, आणि चुलीवरून उतरवल्यावर वरून दूध. नवराबायकोने उंबऱ्यात बसून नव्या मातीच्या पेल्यातून तो गरमगरम प्यायचा. पेला रिकामा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि हे नवे पेले साऱ्या गावाला पुरवायचा कोण? तर हाच.

कुंभारणीचं मागणं एवढंच होतं. दागिना नको, लुगडं नको. वर्षातून एक सकाळ नवऱ्याने शेजारी बसावं.

शरद लागला की रोज ती पेला घेऊन जायची. "अहो, या ना. गरम आहे तोवर."

"ठेव तिथं. हात मातीचे आहेत. एवढ्या पणत्या होऊ दे."

पणत्या झाल्या की संक्रांतीची सुगडं. सुगडं झाली की उन्हाळ्याचे माठ. तोवर शरद कुठल्या कुठे गेलेला. उकाळा चाकाशेजारी गार व्हायचा, त्यावर साय धरायची, सायीत मुंगी पडायची. शेवटी वैतागून कुंभारीण तो गाढवापुढच्या परळात ओतायची.

गाढव मात्र रसिक. उन्हात उभं राहून, डोळे मिटून, सावकाश प्यायचं. एकदा तर म्हणालं, "मालकीणबाई, आज आलं जरा जास्त झालंय."

"तुला कळतं रे बाबा," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी करते, त्याला कळेल तर शपथ."

अशी बारा वर्षं गेली. बारा वर्षं एकच उत्तर देताना माणसाला कंटाळा कसा येत नाही, हे मला तरी अजून उमगलेलं नाही.

भट्टी कितपत भाजली, हे कुंभार धुराच्या वासावरून ओळखायचा. त्यामुळे दिवसभर धुरात नाक खुपसलेलं. "जरा बाजूला बसा, नाकाची वाट लागेल," बायको सांगायची. ऐकतो कोण? तेराव्या वर्षी उन्हाळ्यात भट्टी करपली आणि शेजारी बसलेल्या याला पत्ताच नाही. शेजारपाजारचे धावत आले तेव्हा कळलं. नाकाला वासच येईनासा झाला होता. वैद्याने हात टेकले. वासाशिवाय भट्टी कशी लावणार? शेवटी थोरल्या मुलाने चाक आणि भट्टी दोन्ही हाती घेतली.

मग काय, सवडच सवड. पाऊस सरला, दव पडलं, तसा कुंभार हात स्वच्छ धुऊन आपणहून उंबऱ्यात येऊन बसला. कुंभारणीला आधी खरंच वाटेना. तिने लगबगीने दोन नवे पेले भरून आणले आणि त्याच्या शेजारी बसली.

त्याने एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग पेल्यात बघत राहिला.

"अगं, गवती चहा घातलास ना?"

"मूठभर घातलाय."

"आणि आलं?"

"रोजच्यासारखंच."

"मला नुसतं पाणी लागतंय," तो म्हणाला. "गरम, गोड पाणी."

कुंभारणीला रागही आला आणि रडूही आलं. "बारा वर्षं हाच घेऊन तुमच्यापुढे उभी राहत होते मी," ती म्हणाली. "तेव्हा हात मातीचे होते."

पेला रिकामा होईपर्यंत तो रीतीप्रमाणे बसून राहिला. मग अंगणाकडे बघून हळूच म्हणाला, "गाढवा, तू तर बारा वर्षं प्यायलास. कसा लागतो रे?"

गाढवाने परळातून मान वर केली. "मालक," ते म्हणालं, "सांगून कळणार असतं, तर मी पहिल्याच वर्षी सांगितलं नसतं का?"

तेव्हा मंडळी, हातातला पेला गरम आहे तोवर प्या. सवड उद्याही मिळेल, चव मिळेलच असं नाही.