करंट आणि खो

“…मग वाढवत का नाही करंट? नॉब झिजतो का तुमचा?”

आडवा पडलेला रेवण कुरकुरला. खैरूनआपांनी त्याच्या नडगीवरच्या दोन ओल्या पट्ट्या बोटानं दाबून बसवल्या आणि मशीनचा नॉब होता तिथंच ठेवला.

करंट आला. नडगीतून झिणझिण्या उतरल्या, पाऊल जेमतेम वर आलं.

करंट गेला. पाऊल ओल्या फडक्यासारखं खाली पडलं.

रेवण छताकडं बघत होता. करंट चालू असला की तो छताकडंच बघायचा. आपांची नजर मात्र त्याच्या पावलावरून हलायची नाही.

मिरजेतल्या आपांच्या या फिजिओथेरपीच्या खोलीत तो रोज यायचा. खो-खोत खांबावरून सूर मारून गडी टिपणारा पोरगा. मैदानातल्या खड्ड्यात गुडघा सटकला आणि पाऊल उचलणारी नस चेचली. तो खड्डा बुजवायला गावातल्या ज्या थोर मंडळींना वर्षानुवर्षं सवड झाली नव्हती, तीच खाटेभोवती उभी राहून “धीर धर, बाळा” म्हणाली. जाताना केळी ठेवून गेली.

रेवणनं कॉलेज सोडलं. म्हाताऱ्यांचं ऐकणंही.

आपा पट्ट्यांसाठी पाणी आणायला वळल्या, तेवढ्यात त्यानं हात लांबवून नॉब फिरवला.

पाऊल ताडकन उठलं.

“बघा! आपा, उठलं! उगाच रडतखडत चालवलं होतं तुम्ही.”

“उठलं खरं.”

आपांनी मशीन बंद केलं. त्याच्या पट्ट्या काढल्या, स्टुलावर बसून सलवार गुडघ्यापर्यंत ओढली आणि स्वतःच्या वाळक्या नडगीवर लावल्या. नॉबला हात न लावता बटण दाबलं.

त्यांचं सुरकुतलेलं पाऊलही ताडकन उठलं. तितकंच वर.

“माझंही उठलं,” दात आवळून आपा म्हणाल्या. “आणि मला तर कुठंच जायचं नाही.”

रेवणला हसू आलं. मग राग.

“कोडी नका घालू. तुम्ही म्हातारी माणसं सरळ बोलतच नाही.”

“सरळ विचारते. तुला कुठं जायचंय?”

…

“बरं व्हायचंय.”

“ते तुझी आई सांगते. तुला?”

…

“चौकोनात बसायचंय.” रेवणचा आवाज खाली आला. “एक गुडघा मातीत. मागनं आपला गडी पळत येतोय, त्याचा श्वास ऐकू येतोय, पण वळून बघायचं नाही. आणि पाठीवर थाप…”

त्यानं मान भिंतीकडं वळवली.

“थापच मारत नाही कुणी आता, आपा. सगळे नुसता हात फिरवतात.”

…

आपांनी पट्ट्या सोडवून बाजूला ठेवल्या. मशीनची पिन काढली.

“उठून बस. पाय खाली सोड.”

तो बसला. पाऊल लोंबत राहिलं. आपा त्याच्या मागं गेल्या. चपलांची फरफट ऐकू आली, मग तीही थांबली.

…

“खो!”

थाप अशी बसली, की पडद्यापलीकडचे मानदुखीवाले काका “अगं आई गं!” म्हणून ओरडले.

रेवण कमरेतून पुढं झेपावला. मुठी आवळलेल्या, मान ताठ, डोळे समोरच्या भिंतीवर. खांब तिथंच असल्यासारखे.

मग त्यानं खाली पाहिलं. पाऊल लोंबतच होतं. अंगठा थरथरत होता… की त्याला नुसतं वाटत होतं?

“हललं का, आपा? तुम्ही बघितलं ना? खरं सांगा, हललं?”

आपा आपला लाल झालेला तळवा चोळत होत्या.

“मी पायाकडं बघत नव्हते, रेवण.”