खाल्लेली साखर

तुमच्या-माझ्या पणजीच्याही आधी कधीतरी, नदीकाठच्या एका गावात एक विधवा कुंभारीण राहत होती. पदरी एकुलती एक लेक. मायलेकी चाक फिरवायच्या, ताठ मानेनं जगायच्या.

लेकीचा साखरपुडा झाला. मुलगा गावातल्याच मोठ्या भट्टीवाल्याचा. पंचांसमोर सुपारी फुटली, साखरेचे पुडे उघडले, अख्ख्या गावानं तोंड गोड केलं.

दोन महिने गेले. भट्टीवाल्याच्या मुलाला पलीकडच्या गावचं बडं घर सांगून आलं. भट्टीवाल्यानं कुंभारणीला निरोप धाडला, "आमच्याकडून नाही समजा. नुसती साखरच तर खाल्ली, अक्षता थोड्याच पडल्या?"

आणि गाव काय म्हणालं? ज्या तोंडांनी साखर खाल्ली तीच तोंडं पाणवठ्यावर कुजबुजली, "पोरीतच काही खोट असेल, बाई."

लेकीनं पाणवठा सोडला. मग जेवण सोडलं. ते पाहून कुंभारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नव्या साखरपुड्याला सारं गाव पारावर जमलं. नव्या नवरीचा बाप पुडा उघडणार, तोच कुंभारीण रिकामं मडकं घेऊन मधोमध उभी राहिली.

"माझी साखर परत टाका ह्यात. ज्यानं ज्यानं खाल्ली त्यानं!"

पंच हसले. "येडी का काय तू? खाल्लेली साखर परत येते होय?"

"साखर परत येत नाही, मग शब्द कसा परत घेतला रे मुडद्यांनो? मडकं घेताना दहादा वाजवून बघता. माझ्या पोरीत खोट काढताना कुणी वाजवून पाहिलं?"



नव्या नवरीच्या बापानं पुड्याची गाठ पुन्हा आवळली. "आमची साखर अजून कुणाच्या तोंडात गेली नाही. चला रे, बैल जुंपा."

भट्टीवाला धावतच कुंभारणीच्या दारी आला. "झालं गेलं विसरा, विहीणबाई. जुनंच पक्कं करू."

लेक चाकावरून उठलीसुद्धा नाही. "काका, तडा गेलेल्या मडक्यात आम्ही पाणी भरत नाही."

दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन पाणवठ्यावर गेली. बायकांनी गपगुमान वाट दिली. नजर वर करायची कुणाची छाती झाली नाही. आणि भट्टीवाल्याच्या मुलाला? पंचक्रोशीत कुणी चिमूटभर साखर दिली नाही.

म्हणून सांगते, साखरपुड्याची साखर जिभेवर ठेवली की तो शब्द तुमचाही झाला. राखायचा दम नसेल तर तोंड मिटून घरी बसा.