साळूबाईचा पाटा

एका राज्यात प्रतापधर नावाचा राजा होता. पराक्रम बेताचा, जीभ मात्र भारी. त्याच्या नगरात घरोघरी अंगणात पाटे असत. कुणी हिरव्या मिरचीचा खर्डा करी, कुणी लसणाची लालभडक चटणी, कुणी कारळाची. आणि दिवस कलला की भरल्या वाट्या या दारातून त्या दारात फिरत. राजाने एकदा वेष पालटून ती चव घेतली आणि त्याचं डोकंच फिरलं. रयतेच्या ताटात आपल्याहून झणझणीत? त्याने नगरातले झाडून सगळे पाटे-वरवंटे गडावर आणून टाकले.

नगरात साळूबाई नावाची चेटकीण राहत होती. तिच्या पाट्यावर बसलेला राघूसुद्धा शिपायांनी पाट्यासकट उचलला. साळूबाई वेशीत येऊन एवढंच बोलली, "राजा, वाटल्याशिवाय या राज्यात कुणाच्या जिभेला चव लागायची नाही."

राजा हसला. वाटायला त्याच्याकडे दासींची काय कमी होती?

दुसऱ्या दिवशी अन्नाची माती झाली. दूध माती, भाकरी माती, मधसुद्धा माती. लोक घास थुंकू लागले. म्हातारी माणसं गेली, मग तान्ही गेली. राजाची एकुलती एक लेक केतकी अंथरुणाला खिळली. तिच्या मनगटातून बांगड्या आपोआप गळून पडत. गडावर दासी वाटून वाटून थकल्या, पण चव काही येईना.

राजमांत्रिकाने मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मिरची चुकली, मीठ चुकलं, पाटाही चुकला; हवी आग्याबनातली मिरची, मेल्या तळ्याचं मीठ आणि साळूबाईचाच पाटा. राजा एकटाच निघाला. आग्याबनातली मिरची नागाच्या फण्याखाली होती. ती तोडताना त्याच्या हातांची कातडी सोलून निघाली. मेल्या तळ्याचं मीठ बुडालेल्यांच्या राखणीत होतं. त्यांनी मोबदला मागितला आणि राजाने डोळे दिले. मग आंधळा राजा गडावर चाचपडत साळूबाईचा पाटा शोधू लागला. पाटा सापडला, पण उचलताना पाठ वाकली ती वाकलीच.

त्या सोललेल्या हातांनी त्याने स्वतः चटणी वाटली. लेकीच्या जिभेवर ठेवली.

"माती आहे, बाबा," केतकी म्हणाली.

राजा पाट्यावर डोकं टेकून रडला. रडेल नाहीतर काय करील! तेव्हा इतके दिवस गप्प बसलेला राघू बोलला.

"राजा, चटणी वाटलीस?"

"वाटली."

"कुणाला?"

राजाने पाट्यावरून डोकं वर उचललं. मग त्याने वाटी उचलली आणि भिंती चाचपत गड उतरला. पुष्कळ दारं वाजवली, आतून कुणी बोललं नाही. जिथे बोललं, तिथे त्याने बोटभर चटणी ठेवली. माघारी आत कुणी ठसकलं, कुणी ढसाढसा रडलं, कुणी त्याला शिव्या घातल्या. त्याने त्या ऐकून घेतल्या. शेवटी तो साळूबाईच्या झोपडीत पोचला. तिच्यातही आता फारसा जीव उरला नव्हता. आपल्याच शब्दाने तीही उपाशी होती. त्याने तिच्या ओठाला बोट लावलं.

"मीठ कमी पडलंय," साळूबाई म्हणाली, आणि तिने प्राण सोडला.

राजा गडावर परतला तेव्हा वाटी रिकामी होती. त्याने कडा पुसून जेवढं बोटाला लागलं तेवढं लेकीला चाटवलं. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट आहे, बाबा. भाकरी द्या."

पाटे ज्याच्या त्याच्या अंगणात परत गेले. काही अंगणांत ते घ्यायला माणूसच उरलं नव्हतं. तिथे राजाने पाटे तसेच ठेवले आणि स्वतः जाऊन पुसत राहिला. साळूबाईचा पाटा त्याने वेशीत मांडला. रोज तो तिथे चटणी वाटी आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या भाकरीवर ठेवी. कधी कुणी आलं नाही, तर राघू विचारी, "कुणाला?" मग आंधळा राजा वाटी घेऊन उठे.

त्या राज्यात चव परतली, तशी ऐकणाऱ्यांच्या ताटात राहो, आणि वाटी शेजारच्या दारी जावो.