उस्तादांनी हातात दिलेली सुरी

दुसऱ्याच्या ताटातला लाडू मोठा दिसतो, हे तर आपल्या सगळ्यांचंच आहे. पण दुसऱ्याची सुरी बघून कुणाच्या पोटात दुखलेलं तुम्ही कधी पाहिलंय का?

मिरजेच्या पाटणे मास्तरांच्या दुखलं.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, पण जीव सगळा सुऱ्यांत. सहा वर्षं दर रविवारी ते दस्तगीर उस्तादांकडे धार लावायला शिकत होते. धार नीट लागली का, हे डाव्या हातावरचे केस काढून बघायची त्यांची सवय. त्या हातावर कोपरापर्यंत एक केस उरला नव्हता. वर्गातली मुलं हसायची. मास्तरांना मात्र त्याचा अभिमान होता.

उस्ताद शिकलगार. पिढ्यान्‌पिढ्या धार लावणारं घर. महिन्यातून एकदा त्यांच्या अंगणात सुऱ्यांचे शौकीन जमायचे. सतरंजीवर पांढरं कापड अंथरलेलं असायचं, ज्याने त्याने आपली सुरी त्यावर ठेवायची.

नियम एकच. सुरी कुणी कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. हातातून हातात सुरी गेली की भांडण होतं, असं घरोघरी म्हणतात. उस्तादांच्या अंगणात ते पाळलंही जायचं.

त्या रविवारी जपानी सुऱ्या बघायच्या ठरल्या होत्या. हाताने घडवलेल्या.

मास्तर वही घेऊन आले होते. वहीत जपानी सुऱ्यांची चित्रं, मापं, कुठली मासळीची, कुठली भाजीची, सगळं सुवाच्य अक्षरात. सुरी मात्र एकही नव्हती. तशी एक तरी आपली असावी म्हणून मास्तर किती वर्षं झुरत होते, ते त्यांचं त्यांना माहीत.

तेवढ्यात डबे करणाऱ्या रेवतीबाई आजगेकर आल्या. पहिल्यांदाच येत होत्या. पिशवीतून त्यांनी जुन्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि कापडावर ठेवलं.

सगळे पुढे वाकले.

रुंद पातं, उभ्या पानासारखं. पाठीवर घणाचे ठोके अजून दिसत होते. मुठीजवळ चार अक्षरं कोरलेली.

"कुठून आणलीत हो?" एकाने विचारलं.

"माझा भाऊ बोटीवर आहे ना. त्याची बोट जपानला लागली होती. म्हणाला, ताई, तुला काय आणू? म्हटलं, भाजी चिरायला काहीतरी आण बाबा."

"आणि हे काय लिहिलंय?"

"कारागिराचं नाव असेल. नाहीतर गरम पाण्यात धुऊ नये असं असेल."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ही सुरी त्यांच्या वहीत अकराव्या पानावर होती. तीन वेळा खोडून चौथ्यांदा जमलेलं चित्र. आणि ही बाई हिच्याने कोबी चिरते!

उस्तादांनी सुरी उचलली. उन्हात धरली. मग डोळे मिटून कपाळाला लावली.

सहा वर्षांत मास्तरांनी धार लावलेली एकही सुरी उस्तादांनी कपाळाला लावली नव्हती.

"धार गेलीय तिची," रेवतीबाई म्हणाल्या. "तीन महिने रोज वापरतेय. तेवढी लावून द्या की, उस्ताद."

"दोन्ही बाजूंनी लावू?"

"लावा की. सगळ्या सुऱ्यांना लावता तशी."

मास्तरांनी मान वर केली.

त्या सुरीला एकाच बाजूने उतार होता. दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू तिरकी धरून घासली, तर सुरी कायमची बिघडली. हे अकराव्या पानावर लाल शाईने लिहिलेलं होतं.

उस्तादांनी दगडावर पाणी सोडलं. "कुणाला काही सांगायचंय?"

मास्तर सोडले तर कुणाला माहीतच नव्हतं.

मास्तरांनी वही मिटली.

उस्तादांना ठाऊकच असणार, त्यांनी मनाशी म्हटलं. मग वाटलं, नसेलही. या दगडावर अशी सुरी आलीय कधी? आणि मग वाटलं... बिघडू दे. ना माझ्याकडे, ना तिच्याकडे.

आणि त्या विचाराने त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

उस्तादांनी सुरीची सपाट बाजू दगडावर ठेवली. पाठ उचलून तिरकी केली. आणि तसेच थांबले.

पात्यावरून पाण्याचा एक थेंब ओघळला.

उस्ताद मास्तरांकडे बघत होते.

मास्तर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे.

ऊन कडक होतं. दगड कडेकडेने वाळायला लागला...

"काय झालं हो?" रेवतीबाईंनी विचारलं.

आता उस्ताद सगळ्यांसमोर बोलणार, मास्तरांना वाटलं.

"काही नाही, बाई," उस्ताद म्हणाले. सुरी त्यांनी दगडावरून उचलली. अजून एकदाही घासलेली नव्हती. "ही आमचे मास्तर घरी नेतील. उद्या सकाळी तुम्हाला धार लावून मिळेल. या सुरीबद्दल त्यांच्याइतकं इथं कुणाला माहीत नाही."

"अगंबाई! मग मघाशी बोलले का नाहीत?"



उस्तादांनी पातं पंच्याने पुसलं. मूठ मास्तरांकडे केली आणि सुरी पुढे धरली. कापडावर ठेवली नाही.

मास्तरांनी हात मागे घेतला. "उस्ताद... खाली ठेवा ना."

"का?"

"हातातून हातात देत नाहीत. भांडण होतं. तुमचाच नियम आहे."

"भांडण मघाशीच झालं, मास्तर. आता सुरी घे."

मास्तरांनी घेतली. मूठ उबदार होती. आयुष्यात पहिल्यांदा तशी सुरी त्यांच्या हातात होती, आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

जेवणवेळ झाली तशी मंडळी उठली. ज्याची त्याची सुरी ज्याच्या त्याच्या पिशवीत गेली. रेवतीबाई मास्तरांना म्हणाल्या, "भाऊ, सावकाश लावा हं. घाई नाही. उद्यापुरती माझ्याकडे विळी आहे."

त्या 'भाऊ'ने मास्तरांना सुरीपेक्षा जास्त कापलं.

ते फाटकापर्यंत गेले, आणि परत आले. उस्ताद कापडाची घडी घालत होते.

"उस्ताद, तुमच्यासमोर इथंच लावू का? तुम्ही बघा."

"मी मघाशी बघितलं."

मास्तर तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या हातून ती बिघडली तर?"

उस्तादांनी कापडाची शेवटची घडी घातली.

"बिघडली, तर ती तुझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाटणे मास्तरांनी धार लावलेली सुरी रेवतीबाईंच्या ओट्यावर ठेवली, तिची कुठली बाजू कधीच तिरकी धरायची नाही ते त्यांना बोट ठेवून दाखवलं, आणि अकरावं पान फाडून तिथेच ठेवून ते शाळेत गेले.